चटणीच्या दिवशी झोपायचं नाही

आमच्या घरी चटणीच्या दिवशी कुणालाही झोपायची परवानगी नव्हती.

चटणी म्हणजे वर्षाची चटणी. शहरातले लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. येळ्ळूरच्या पुढं, राजहंसगड दिसतो त्या बाजूला माझं माहेर. उन्हाळा तापला की आप्पा बेळगावच्या बाजारातून मिरची आणायचे, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. ती अंगणात जुन्या लुगड्यावर पसरलेली असायची. आई आणि शेजारच्या बायका देठं खुडायच्या. मग एक दिवस आई परसात तीन दगडांची चूल मांडायची, लोखंडी कढई चढवायची आणि एकेक जिन्नस वेगळा भाजायला घ्यायची. आधी धणे, तीळ, खसखस, खोबरं. मग लवंग, दालचिनी, मिरी, बाद्यान, नागकेशर. सगळ्यात शेवटी दगडफूल.

दगडफूल कच्चं असताना त्याला ओल्या भिंतीसारखा वास येतो. लहानपणी मला ते खरंच फूल वाटायचं. आई म्हणाली होती, "फूल कसलं गं, दगडावरचं शेवाळ त्ये, वाळल्यालं." पण तेच काळं-करडं शेवाळ गरम तेलात पडलं की गल्लीभर असा काही वास सुटायचा की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून विचारायचा, "चटणी काय आज?" त्या वासात धूर असायचा, जंगल असायचं, आणि मला सांगता न येणारं आणखी काहीतरी असायचं. आजही कुणाच्या घरात दगडफूल भाजताना मला वास आला, तर पहिल्यांदा भूक लागते आणि पाठोपाठ छातीत धडधडतं.

कारण त्या दिवशी आई निराळी असायची. मी तिची एकुलती एक मुलगी. इतर दिवशी ती मला दुपारी मांडीवर घेऊन थोपटायची. चटणीच्या दिवशी मात्र मला चुलीपासून चार हातांवर, पोत्यावर, तिच्या नजरेसमोर बसवायची आणि सारखी विचारायची, "जागी हाईस न्हवं?" आप्पा शेतातून जेवायला आले आणि जरा आडवे झाले, तरी ती उंबऱ्यातून हाक मारायची, "उठा हो, आज झोपू नगासा." आप्पा उठून बसायचे. एकदा, मी सहा-सात वर्षांची असेन, चुलीच्या उबेनं माझा डोळा लागला. आईनं मला दोन्ही दंडांना धरून अशी गदागदा हलवली की मी किंचाळले. तिच्या हाताचं तिखट माझ्या डोळ्यांत गेलं. संध्याकाळपर्यंत माझे डोळे चुरचुरत होते. आईही रडत होती. तिच्याही डोळ्यांत तिखट गेलं असणार, असं मी धरून चालले.

आणखी एक गोष्ट व्हायची. दगडफूल भाजता भाजता ती मध्येच कढई खाली उतरवायची, हात न पुसता उठायची आणि माजघरात जायची. मी एकदा मागोमाग गेले. ती भाताच्या कणगीशेजारी नुसती उभी होती. तिथं एक रिकामी भिंत होती आणि वर तुळईला एक गंजलेली लोखंडी कडी. जरा वेळानं ती वळली, मला बघून दचकली आणि म्हणाली, "काय न्हाय, मांजर आलं काय बघत हुते." आमच्या घरात तेव्हा मांजर नव्हतं.

लहानपणी आपल्या घरात जे घडतं ते सगळ्यांच्याच घरात घडत असेल असं वाटतं. त्यामुळं मी कधी काही विचारलं नाही. आमच्या घरी जायफळ नसतं हेही मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं.

माझं सासर बेळगाव शहरातलं, चार पिढ्यांपासूनचं. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, शाळेत शिक्षिका होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला त्यांनी पुरणावर काहीतरी किसून घातलं. वास गोड होता आणि त्यात एक झोप आणणारा जडपणा होता. मी विचारलं, "हे काय?" त्या हसायला लागल्या.

"अगं, जायफळ! तुमच्याकडं पुरणात काय घालतात?"

"सुंठ. वेलदोडा."

"आणि बासुंदीत? श्रीखंडात?"

"वेलदोडाच."

आत्यांना मसाल्यांचं भारी वेड. त्यांनी मला डबा उघडून दाखवला. खाली गोव्याच्या बाजूच्या कुळागरांतून, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांतून, त्यांच्या ओळखीतला एक माणूस दर वर्षी जायफळं आणून देतो. फळ पिकून फुटलं की आत काळी बी आणि तिच्यावर लालभडक जाळी दिसते. जाळी वाळली की जायपत्री आणि बी वाळली की जायफळ. एकाच फळातून दोन मसाले. या बीसाठी दूरच्या बेटांवर माणसांनी एकमेकांचे जीव घेतले, गलबतं बुडाली, आणि मग कुणीतरी रोप आपल्या किनाऱ्यावर आणून लावलं, असं त्या वर्गात सांगावं तसं सांगत होत्या. त्यांनी जायफळ कापून आतली रेषा-रेषांची नक्षी दाखवली. मला फार सुंदर वाटली.

पुढच्या पाडव्याला मी माहेरी जाताना आत्यांनी केलेलं श्रीखंड डब्यात नेलं. आईनं कौतुकानं डबा उघडला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती मागं सरली, डबा खाली ठेवला आणि परसात जाऊन ओकली. परत आली तेव्हा पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाली, "पित्त झालंया." संध्याकाळी डबा स्वच्छ धुऊन पालथा घातलेला होता. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा खाली बघत होते.

तेव्हाही मी विचारलं नाही.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. बेळगावातल्या दवाखान्यातून मी माहेरी आले. उन्हाळ्याचे दिवस होते. आप्पांनी सोप्यात नवा पाळणा टांगला होता. माजघरात गारवा होता, कडीही होती, पण पाळणा मात्र बाहेर, जाता-येता दिसेल असा. आई बाळाला अंघोळ घालायची, शेक द्यायची, सगळं अगदी निगुतीनं करायची. फक्त बाळ झोपलं की तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. भाकरी थापता थापता उठून यायची, बाळाच्या नाकापुढं बोट धरायची आणि परत जायची. मला वाटायचं, पहिलं नातवंड आहे, होतं असं.

बाराव्या दिवसानंतर आत्या बाळाला बघायला आल्या. येताना त्यांनी सहाण आणि बाळगुटीचं सगळं सामान एका लाकडी पेटीत आणलं होतं. त्यात वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, बदाम, खारीक होतं आणि जायफळही. माझ्या नवऱ्याला लहानपणी याच सहाणेवर उगाळून दिलेलं, हे त्या अभिमानानं सांगत होत्या. मी म्हटलं, डॉक्टरांनी दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं बजावलंय. त्या म्हणाल्या, "अगं, देत नाही. नुसतं दाखवते तुला कसं उगाळायचं ते. विद्या राहायला पाहिजे ना घरात." आणि त्यांनी सहाणेवरच्या दुधाच्या थेंबात जायफळ गोल फिरवून एक वेढा घेतला.

आई स्वयंपाकघरात होती. वास तिच्यापर्यंत कसा आणि किती लवकर गेला कुणास ठाऊक. ती धावत आली, आत्यांच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि माझ्या कुशीत दिलं. मग सहाणेवरचं जायफळ चिमटीत धरलं, जसं एखादं मेलेलं पाखरू धरावं तसं, आणि आत्यांच्या पुढं केलं.

"हे घिऊन जावा."

"विहीणबाई, अहो, मी काही..."

"घिऊन जावा म्हणते न्हवं! ह्या घरात हे आणू नगासा."

आत्यांना आयुष्यात कुणी असं बोललं नसेल. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेटी बंद केली, चहा न घेता उठल्या आणि बाहेर जाऊन रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या गेल्यावर मी आईला फाडफाड बोलले. कोण असं वागतं, मला त्या घरात राहायचं आहे, तुला काही वाटतं का.  आई मागं राहिलेली सहाण धूत बसली. धुतली, पुन्हा धुतली.

आप्पा मला बोलावून गोठ्याकडं घेऊन गेले. तिथं दुपारचं कुणी नसतं. ते कडब्याच्या पेंढीवर बसले आणि काडी मोडायला लागले.

"तिला बोलू नगंस," ते म्हणाले. "तुझ्या आधी एक हुती."

"एक काय?"

"पोरगी."

मला काही कळलंच नाही आधी. तेहतीस वर्षं मी या घराची एकुलती एक मुलगी होते. आप्पा माझ्याकडं न बघता सांगत होते. आठ महिन्यांची झाली होती. चटणीच्या दिवशी गेली. माजघरात पाळण्यात झोपली ती उठली नाही. "तवापासनं तुझ्या आईनं तिचं नाव काढलं न्हाय, मीबी काढलं न्हाय. गावानंबी काढलं न्हाय. पुढं तू आलीस." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. म्हशीनं नुकतंच पाणी प्यायलेलं होतं.

त्या रात्रीपासून मला ते घर ओळखीचं राहिलं नाही. लहानपणी आई माजघरात कुणाला बघायला जायची ते आता मला माहीत होतं. मी बाळाला घेऊन तिथून जाताना वर बघायचे नाही, आणि तरी कडी दिसायचीच. दुपारी सगळं शांत झालं की मला आत कुणीतरी कुशीवर वळल्यासारखं वाटायचं. मी जाऊन बघायचे. कणगी, भिंत, गारवा. मी नोकरी करणारी, शिकलेली बाई, पण एकदा मी तिथं उभी राहून हळूच "काय गं?" म्हटलं. उत्तर येईल अशी मला भीती वाटली नाही. येणार नाही याचीच वाटली.

आठवड्याभरानं आई म्हणाली, यंदा चटणी नको, विकतची आणू. मी म्हटलं, "करूया. मी बसते तुझ्याजवळ." ती माझ्याकडं बघत राहिली. आप्पांनी सांगितलंय हे तिला कळलं असावं.

परसात चूल मांडली. बाळाला मी सोप्यात पाळण्यात ठेवलं होतं, मधली दारं उघडी होती, पाळणा परसातून दिसत होता. बाळ झोपलं होतं. आईनं धणे भाजले, तीळ भाजले, खोबरं भाजलं. दगडफूल कढईत पडलं आणि तो वास उठला, तशी ती थांबली. झारा तसाच धरून ती पाळण्याकडं बघत होती.

"जा, बघून ये," मी म्हटलं. "करपलं तर करपू दे."

ती गेली. मीही गेले. बाळाचं पोट वर-खाली होत होतं. आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो, आणि मागं परसात दगडफूल करपल्याचा कडवट धूर यायला लागला. तिथंच आईनं सांगितलं. अगदी हळू आवाजात, जणू झोपलेलं बाळ ऐकेल.

"दात येत हुते तिला. हगवण लागल्याली. दोन दिस डोळ्याला डोळा न्हवता. घरात चटणीचं काम, बायका आलेल्या. माझ्या सासूबाई, तुझी आजी, म्हणाल्या, जायफळाचं दोन वेढं दे, निजंल. मी उगाळलं. किती वेढं दिलं मला आठवत न्हाय गं. दोन, का चार, का जास्ती. सारखं आठवून बघते. हात फिरत्याला दिसतो, पण मोजल्यालं दिसत न्हाय."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला नाही.

"दगडफूल भाजत हुते. मधीच वाटलं, जाऊन बघावं. मग म्हटलं, एवढं हुंदे, करपंल."

तालुक्याचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, की अंगातलं पाणी गेलं होतं, त्यानं गेली. औषध वेळेवर मिळायला हवं होतं. आईनं ते ऐकून घेतलं होतं. मानलं मात्र कधीच नाही.

मग मी एक वेडा प्रश्न विचारला. का विचारला मला अजून कळत नाही. म्हटलं, "आणि ती चटणी?"

"काय हुणार? वर्साची चटणी ती. तिसऱ्या दिवशी डंकावर कुटून आणली, बरणीत भरली. वर्सभर खाल्ली की सगळ्यांनी. मीबी खाल्ली. टाकून कशी देणार?" तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "लई चांगली झालती त्या वर्सी. बायका मागून न्यायच्या."

त्या दिवशीचं दगडफूल सगळं वाया गेलं. आप्पांनी न विचारता दुसरं आणून दिलं.

आत्यांना मी फोनवर सगळं सांगितलं.   दोन दिवसांनी त्या दारात उभ्या. हातात पेटी नव्हती, काहीच नव्हतं. आई कांदा-लसूण तळायच्या तयारीत होती. आत्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघ्यांचा त्रास असलेली बाई, पण बसल्या, आणि समोरच्या सुपातला लसूण सोलायला घेतला. 

मग त्या म्हणाल्या, "मीसुद्धा द्यायचे माझ्या मुलाला. माझ्या शाळेच्या वेळेत त्यानं झोपावं म्हणून. किती वेढे, मीही कधी मोजले नाहीत. तो झोपायचा आणि उठायचा. विहीणबाई, तुमच्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे."

आईनं मान वर केली. तिला आजवर खूप जणांनी समजावलं असेल. देवाची करणी, नशीब, डॉक्टरांचं म्हणणं, दुसरी झाली की नाही, वगैरे. असं कुणी बोललं नव्हतं. ती आत्यांकडं बघत राहिली आणि मग पदर तोंडाशी नेऊन रडली. आत्या लसूण सोलत राहिल्या. मी दोघींच्या मध्ये बाळाला घेऊन उभी होते आणि मला कळेना कुणाजवळ जावं.

यामुळं सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. आईच्या घरी अजूनही जायफळ येत नाही. आत्यांच्या घरी येतं, पण त्या मी समोर असले की ते किसत नाहीत. आणि मी? माझी मुलगी आता धावते, बोलते, रात्री पांघरूण लाथाडते. ती दुपारी जास्त वेळ झोपली की मी हातातलं काम टाकून जाते आणि तिच्या नाकापुढं बोट धरते. आईचंच बोट, तसंच वाकडं. त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच आहोत असं मला वाटत नाही.

मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. सुगी उरकली होती. एका सकाळी आई म्हणाली, "चल, जरा जाऊन येऊ." कुठं ते सांगितलं नाही. आम्ही बाळाला आप्पांजवळ ठेवून गावाबाहेर ओढ्याच्या बाजूला गेलो. लहान मुलांना पूर्वी तिकडं पुरायचे. पहिलीला पुरलं त्या दिवशी आई गेली नव्हती, बायकांनी जायचं नसतं म्हणून. नंतरही कधी गेली नव्हती. करंजाची झाडं आहेत एवढंच तिला सांगितलेलं होतं.

करंजाची झाडं नव्हती. तांबड्या मुरमाचे सरळ रस्ते होते, पांढरे रंगवलेले सिमेंटचे खांब होते, त्यांच्यावर नंबर होते. प्लॉट पडले होते. ओढा एका पाइपातून खालून जात होता. आई खांबांमधून हळूहळू चालत राहिली, एका जागी थांबली, पुढं गेली, पुन्हा मागं आली. तिला जागा ओळखू येत नव्हती आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

पत्र्याच्या खोलीतून राखणदार बाहेर आला. आमच्याकडं बघून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "यार बेकरी?" म्हणजे कोण पाहिजे तुम्हाला.

आई त्याच्याकडं वळली.

"यारू इल्लरी," ती म्हणाली. "सुम्मन बंदेवि."

कोणी नाही. सहज आलोय.

तो मान हलवून परत गेला. आई आणखी जरा वेळ तिथंच उभी राहिली. मग चपलेला लागलेला तांबडा मुरूम तिनं गवतावर पुसला आणि आम्ही निघालो. येळ्ळूरच्या रस्त्याला लागल्यावर तिनं आपणहून मला त्या मुलीचं नाव सांगितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव उच्चारताना तिची जीभ अडखळली, म्हणून तिनं ते दोनदा सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.